फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर खोकताना दुखतं

प्रश्न : बाबांच्या (वय ६४) उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. घरी येऊन आठवडा झाला. ट्रामाडॉल या वेदनाशामकाने उलट्या झाल्या म्हणून डॉक्टरांनी ते बंद केलं. दुखतं म्हणून बाबा खोकणंच टाळतात. काय करू?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : खोकणं टाळणं हीच खरी काळजीची गोष्ट. कफ साचला की फुप्फुसाचा तो भाग मिटतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गोळी दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्या. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर ६ तासांनी, म्हणजे दिवसाला २.६ ग्रॅम. वजन ५० किलोंहून कमी किंवा यकृताचा आजार असेल, तर त्यांच्याकडून मात्रा कमी करून घ्या. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉलच असतं, तेही हिशेबात धरा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात.

गोळीनंतर पाऊण तासाने खोकायला लावा : खुर्चीत बसून, किंचित पुढे वाकून, घट्ट गुंडाळलेला टॉवेल जखमेवर दाबून. स्पायरोमीटरने (श्वासाच्या व्यायामाचं उपकरण) श्वास हळू आत ओढून ३ सेकंद धरायचा, १० वेळा, जागेपणी दर तासाला.

जळजळ, मुंग्या, सदरा लागला तरी झोंबणं हे बरगडीखालच्या नसेचं दुखणं. त्याला पॅरासिटामॉल पुरत नाही. प्रीगॅबालिन किंवा नसेजवळच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. प्रीगॅबालिनने चक्कर येते, रात्री उठताना सोबत हवी.

अचानक धाप, ताप, थुंकीत रक्त किंवा एका पोटरीला सूज आली, तर लगेच रुग्णालय गाठा.