लिगँड मोठा हवा, पण किती मोठा?

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये सॉल्व्हंट कोरडे करायला कॅल्शियम हायड्राइडची पूड वापरतात. तेच हायड्राइड अल्कीनचं (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगाचं) हायड्रोजनेशन करतं, म्हणजे त्या बंधावर हायड्रोजन चढवतं, आणि त्यावरचा लिगँड (धातूला चिकटलेला रेणू किंवा गट) जितका मोठा तितकं ते चांगलं, असं सेमिनारमध्ये ऐकलं. खरं का? मग तेलापासून वनस्पती तूप करायला निकेलच्या उत्प्रेरकाऐवजी कॅल्शियम का नको?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : 'तेच' हा शब्द आधी काढून टाका. तुमच्या डब्यातली पूड टोल्युईनसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. २००६ मध्ये जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ श्योर्ड हार्डर यांनी विरघळणारं कॅल्शियम हायड्राइड केलं. त्यात प्रत्येक कॅल्शियमवर बीटा-डायकीटिमिनेट (दोन नायट्रोजननी कॅल्शियमला धरणारा) लिगँड आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आयसोप्रोपिल गटांनी फुगलेली फिनाइल कडी.

हा फुगवटा लागतो कशाला? कॅल्शियमचा आयन साधारण १ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा, बंध बहुतांशी आयनिक. त्याला ठरावीक दिशा नसते, म्हणून लिगँड सहज जागा बदलतात. दोन रेणू भेटले की एका कॅल्शियमवर दोन लिगँड जातात आणि दुसरं कॅल्शियम हायड्राइडची पूड होऊन तळाशी बसतं. यालाच श्लेंक समतोल म्हणतात. एका कॅल्शियमवर दोन मावणारच नाहीत इतका लिगँड मोठा असला, की ही वाट बंद होते. इथवर तुमचा सेमिनारवाला बरोबर.

पण अल्कीनलाही आत यायचं असतं. कंपाउंडची भिंत उंच असावी, फाटक मात्र हवंच. ही संयुगं बहुधा जोडीने राहतात, दोन हायड्राइड दोन कॅल्शियमच्या मध्ये. ती जोडी सैल पडल्यावर अल्कीन कॅल्शियम-हायड्रोजन बंधात शिरतो, अल्किल (कॅल्शियमला जोडलेली कार्बनसाखळी) बनतं. मग हायड्रोजनचा रेणू ते सोडवून हायड्राइड परत देतो.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या मायकेल हिल गटाचं काम. लिगँड हार्डर यांचाच, फक्त हार्डर यांच्या संयुगात कॅल्शियमला चिकटलेला टीएचएफ (एका सॉल्व्हंटचा रेणू) काढून टाकलेला. हार्डर यांच्या २००८ च्या प्रयोगांत स्टायरिनसारखे सहज प्रतिक्रिया देणारे अल्कीन घेतले होते, हायड्रोजनचा दाब २० बार. टीएचएफ गेल्यावर हेक्झ-१-ईनसारखा साधा, सहज न वळणारा अल्कीनही कॅल्शियम-हायड्रोजन बंधात शिरला. म्हणजे अडवत होता तो छोटासा टीएचएफ! त्यामुळे 'लिगँड केवढा' यापेक्षा 'कॅल्शियमभोवती किती जागा मोकळी' हे विचारा.

आकाराचा फायदा दुसरीकडेही दिसतो. हार्डर यांच्या गटाने २०२० मध्ये अतिशय भारदस्त अमाइड लिगँड घेतले. तेव्हा रेणूंचे गठ्ठे कमी झाले आणि कॅल्शियमच्याच कुटुंबातल्या बेरियमने बेंझीनचं कडंही हायड्रोजनेट केलं. बेरियम कॅल्शियमपेक्षा मोठा, हे विसरू नका.

तुपाचं म्हणाल तर नाही. तेल म्हणजे एस्टर, आणि हायड्राइड आधी त्यातल्या कार्बोनिलवर (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधावर) जाईल. ओलावा लागला की संपलंच. निकेलला यातलं फारसं काही बाधत नाही.