साडेचारचा चहा

ताई,
मी ६४ वर्षांची. सदाशिव पेठेत तीन खोल्यांच्या घरात एकटी राहते. मिस्टर २०१७ ला गेले, मुलगी ठाण्याला असते. पेन्शन बेताची, म्हणून जून २०१९ मध्ये आतली खोली एमपीएससी करणाऱ्या एका मुलाला दिली. महिना ५,००० रुपये, चहा-नाश्ता धरून. ११ महिन्यांचा करार रीतसर रजिस्टर केला होता. तो संपला तेव्हा लॉकडाऊन होता, पुढे नवा करायचा राहूनच गेला. मुलगा आता ३२ वर्षांचा आहे. सुरुवातीला चांगला होता. आता हॉलमधलं टेबल त्याचं झालंय. रात्री अकरानंतर दोन मित्र येतात, गॅलरीत सिगारेटी ओढतात आणि थोटकं माझ्या तुळशीच्या कुंडीत. टीव्ही मी आवाज बंद करून बघते. मिक्सर लावायची चोरी. गेल्या महिन्यात भिशीच्या बायका आल्या होत्या, तर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. पहाटे साडेचारला त्याला उठवायला उठावं लागतं, त्यामुळे झोप पुरी होत नाही, डोकं सतत दुखतं, डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आहे. नऊ महिने भाडं दिलेलं नाही. मागितलं की म्हणतो, काकू, निकाल लागू दे. यंदा पूर्वचा कट-ऑफ अडीच मार्कांनी हुकला, तेव्हापासून चिडचिड जास्तच. जा म्हटलं तर म्हणतो, परीक्षा तोंडावर आहे, आता कुठे जाऊ? भाचा म्हणतो, तो बाहेर गेला की कुलूप बदल. खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, बारा वर्षं झाली की घर त्याचं. मी फार घाबरले आहे. त्याला घराबाहेर कसं काढू?
— स., पुणे ३०

साडेचारला त्याला कोण उठवतं म्हणालात?

पत्र तीनदा वाचलं. थोटकं, मिक्सर, भिशी, नऊ महिन्यांचं भाडं, सगळं तुम्ही ओळीने मांडलंय, आणि राग खरा आहे. पण हे एक वाक्य डोकेदुखी आणि बीपीच्या गोळीच्या आडोशाला ठेवून तुम्ही पुढे निघून गेलात. "उठावं लागतं" म्हणे. कुणी लावलंय उठायला? तुमच्या त्या रजिस्टर केलेल्या करारात चहा-नाश्ता होता, कोंबड्याचं काम नव्हतं.

आणि नुसतं उठवून तुम्ही परत आडव्या होत नसणार. गॅस पेटवता. चहा ठेवता. दार वाजवता, "उठलास का रे?" विचारता, आतून हुंकार आला नाही तर पाच मिनिटांनी परत वाजवता. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे. ज्या माणसाने चार बायकांसमोर तुमचा पाणउतारा केला, त्याचा चहा दुसऱ्या दिवशी पहाटेही झालाच होता ना?

दुसरं एक वाक्य सांगते. "पूर्वचा कट-ऑफ अडीच मार्कांनी हुकला." अहो, कुठल्या घरमालकिणीला भाडेकरूचे मार्क अर्ध्या गुणापर्यंत पाठ असतात? भाडं किती थकलं हे तुम्ही "नऊ महिने" एवढंच लिहिलंत. नऊ पाचे पंचेचाळीस, ४५,००० रुपये, हा आकडा पत्रात कुठेच नाही. अडीच मार्क मात्र आहेत. त्या घरात परीक्षेला दोन जण बसलेत, ताई. एकाच्या नावाचं हॉल तिकीट येतं, दुसरीच्या नावाचं येत नाही, एवढाच फरक.

म्हणून "त्याला कसं काढू" या प्रश्नाचं उत्तर मी आधी देणार नाही. तुम्ही आधी परीक्षेतून उठा.

मला ठाऊक आहे तुम्ही कशाची वाट बघताय. निकाल लागेल. पेढे येतील. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो लागेल, सत्कारात माइक हातात घेऊन तो म्हणेल, "माझ्या काकूंनी मला पहाटे साडेचारला उठवलं नसतं तर..." तुम्ही दुसऱ्या रांगेत बसलेल्या असाल, पदर डोळ्याला लावाल. ते एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून ही सगळी पहाटेची उठबस चाललीय. यात लाजण्यासारखं काही नाही. मिस्टर गेल्यावर रिकाम्या घरात पहाटे कुणासाठी तरी गॅस पेटवायचा, यातही लाजण्यासारखं काही नाही. पण मग त्याला "त्रासदायक भाडेकरू" म्हणू नका. तुम्ही त्याच्यात पैसे गुंतवलेत, आणि पडत्या भावात विकायला मन धजत नाही.

आमची आजी पुण्यातलीच. तिच्या काळी गरीब मुलं वार लावून जेवायची; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आजीकडे बुधवारचा मुलगा यायचा. त्याला पोटभर वाढायची, वर वाटीत ताक घालायची. पण गुरुवारी तो कुठे जेवतो, पास होतो की नापास, हे ती विचारायची नाही. सात घरांत वाटलं की पोरगं कुणाला जड होत नाही आणि कुणाच्या डोक्यावरही बसत नाही. तुम्ही सातही वार एकट्या घेऊन बसलात.

आता तो म्हणतो, "परीक्षा तोंडावर आहे." असणारच. ती नेहमीच तोंडावर असते. पूर्व झाली की मुख्य, मुख्य झाली की मुलाखत, मुलाखत झाली की निकालाची वाट, आणि मध्ये कुठेही पाय घसरला की पुन्हा पूर्व. शिवाय तारखा हलतात. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा मुलं तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर शास्त्री रस्त्यावर बसली होती, तुम्ही आवाज ऐकला असेल. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची पूर्व बँकेच्या परीक्षेच्या दिवशीच आली, पुन्हा आंदोलन, आणि ती झाली थेट १ डिसेंबरला. यात त्या मुलांचा दोष नाही, त्यांचे हाल मी बघते. पण तुमचं घर रिकामं होण्याची तारीख तुम्ही लोकसेवा आयोगाच्या हवाली केलीय, हा दोष तुमचा.

"वय संपलं की आपोआप जाईल" असं मनात असेल तर तोही हिशेब करा. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत बसता येतं, राखीव प्रवर्गाला ४३ पर्यंत. हा ३२ चा आहे. म्हणजे कमीत कमी सहा वर्षं. तुम्ही सत्तरीला टेकाल, आणि साडेचारचा चहा चालूच असेल.

तेव्हा माझं सांगणं एकच. उद्या पहाटे उठवू नका.

तुम्ही म्हणाल, मी नोटीस विचारली आणि ही बाई झोपायला सांगतेय. अहो, नोटीस तुम्ही आजवर चार वेळा तोंडी दिली असेल. पण "खोली रिकामी कर" हे ज्या तोंडाने रात्री म्हणायचं, त्याच तोंडाने पहाटे "उठ रे, चहा गार होतोय" म्हटलं की त्या रात्रीच्या बोलण्याला कोण विचारतो? त्याला ते आईचं रागावणं वाटतं. वकिलाच्या कागदालाही तो तसंच समजेल: काकू चिडल्यात, होतील शांत. पहाटे दार वाजलं नाही, तर मात्र त्याला पहिल्यांदा कळेल की घरात काहीतरी बदललंय. त्याच्याकडे फोन आहे, फोनला गजर आहे. ज्याला उद्या तालुका सांभाळायचाय त्याला गजर लावता येतो.

नऊ वाजता डोळे चोळत बाहेर येईल. "काकू, उठवलं नाहीत?" म्हणेल, बहुतेक जरा चढ्या आवाजात. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचं: "नाही. आणि महिनाअखेरीला खोली रिकामी हवी आहे. तसं लेखी देणार आहे." पुढे काही नाही. माझी तब्येत, मुलगी येणार आहे, रंग काढायचाय, यातलं एकही कारण द्यायचं नाही. कारण दिलं की तो त्यावर तोडगा काढेल. सहा वर्षं अभ्यास केलाय त्याने.

मग कपाटातून २०१९ चा करार शोधा. तुम्हाला वाटतंय तो मेलेला कागद आहे. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये कलम २४ आहे: लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडायची, नाही सोडली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्र घालून लढायची परवानगी मागावी लागते. वर, मुदतीनंतर जितके दिवस अडून बसला तितक्या दिवसांसाठी दुप्पट शुल्क. ५,००० चे १०,००० होतात, हे त्यालाही कळेल. गणित त्याच्या अभ्यासात आहेच.

दुखरी जागा एकच. ११ महिन्यांनंतर तुम्ही सगळं तोंडी चालू ठेवलंत, त्याच्याकडून पैसेही घेत राहिलात. कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणी केलेला असण्याची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल राहणारा सांगेल ते धरून चालतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. तो याचा फायदा घेईल की नाही माहीत नाही, पण त्याचा एखादा मित्र कायद्याचा असणारच. म्हणून ही नोटीस घरी बसून लिहू नका. भाडेकराराची कामं करणारा वकील गाठा, पोच मिळेल अशी पाठवा. आणि नोटीस हातात पडली की तो एकदम ५,००० काढून टेबलावर ठेवेल, "बाकीचे पुढच्या महिन्यात" म्हणून. वकिलाला विचारल्याशिवाय ते पैसे उचलायचे नाहीत. हात शिवशिवतील. उचलायचे नाहीत.

भाच्याला सांगा, प्रेम पोचलं, कुलूप राहू दे. सामान जिन्यात काढणं, वीज-पाणी तोडणं, चार पोरं आणून दम देणं, यातलं काहीही केलंत तर आजवर त्याच्या अंगावर असलेली चूक तुमच्या अंगावर येईल. कायदेशीर मार्गाशिवाय ज्याला बाहेर काढलं, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्न कोर्ट विचारतच नाही. नऊ महिने फुकट राहिलेला माणूस पीडित म्हणून परत येईल, हारतुरे घेऊन.

वहिनींच्या बारा वर्षांचं भूतही उतरवून टाका. ती बारा वर्षं मालकाला न जुमानता, जागा आपलीच आहे म्हणून बसणाऱ्यासाठी असतात. तुम्ही स्वतः खोली दिलीत, भाडं घेतलंत, कागद केलात. तुमच्या परवानगीने राहणाऱ्याचं घर बारा वर्षांनीही होत नाही आणि बावीस वर्षांनीही. पोलिसांचं विचाराल तर भाडं थकलं म्हणून ते कुणाला बाहेर काढत नाहीत. पण पुन्हा अंगावर आला, धमकावलं, तर ११२ फिरवा आणि लेखी तक्रार द्या. तिथे संकोच नको.

तो कुठे जाईल, हा प्रश्न तुम्ही मला विचारलेला नाही, पण मनात आहे. नवी पेठेत, शनिवारात, नारायणात दर दुसऱ्या जिन्यावर "कॉट मिळेल" अशी पाटी आहे. अभ्यासिका रात्रभर चालतात. त्याच्यापेक्षा हलाखीतली हजारो पोरं त्यात राहतात, मेसचा डबा खातात, आपापला गजर लावून उठतात. त्यातली काही पासही होतात, कुणाच्या काकूला साडेचारला न उठवता. तो पास झाला तर पेढे तुम्हाला येतीलच असं नाही. हे थोडं लागेल. लागू द्या.

तर आज रात्री. टेबलावरची त्याची पुस्तकं उचलायला जाऊ नका, वाद घालू नका. जेवा, गोळी घ्या, दार लावून झोपा. साडेचारला डोळा उघडेलच, दीड हजार पहाटांची सवय आहे ती. उघडला तर कूस बदला. पाऊल खाली टाकायचं नाही.

सातला उठा. एकच कप चहा करा. मग मिक्सर काढा आणि शेंगदाण्याची चटणी वाटा, चांगली बारीक.