मेंदूतल्या एकाच प्रकारच्या पेशी मारून हालचालींचा अभ्यास कसा करतात?

तुम्ही विचारलंय की शेजारच्या पेशींना धक्का न लावता नेमक्या हव्या त्याच पेशी मारतात कशा, आणि त्यातून कळतं काय. उंदरांवरच्या कामाबद्दल सांगतो.

हालचाल सुरू करणं, थांबवणं यात मेंदूच्या खोल भागातल्या स्ट्रायटमचा मोठा वाटा. तिथल्या सुमारे ९५ टक्के चेतापेशी दिसायला सारख्याच, पण गट दोन: एकावर डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा डी-१ रिसेप्टर (ते रसायन पकडणारं पेशीवरचं प्रथिन), दुसऱ्यावर डी-२. दोन्ही एकमेकांत पार मिसळलेले. जुन्या पद्धतीनं विजेच्या सुईनं जाळलं तर दोन्ही मरतात, वर तिथून नुसते जाणारे तंतूही.

इथे कामी येतं घटसर्पाचं विष. हो, तोच घटसर्प, ज्याची लस लहान मुलांना टोचतात. पेशीत शिरण्यासाठी हे विष पेशीवरच्या एका प्रथिनाला चिकटतं. माणसाच्या प्रथिनाला चिकटतं, उंदराच्या नाही. मग जनुकीय बदल करून माणसाचं प्रथिन फक्त हव्या त्या पेशींवर आणायचं आणि विष टोचायचं. विषाचा एक रेणू आत पोचला तरी नवी प्रथिनं बनणं थांबतं नि पेशी मरते.

खरी हुशारी आहे ती पेशी कशावरून ओळखायची हे ठरवण्यात. डी-२ रिसेप्टर तिथल्या इतर पेशींवरही असतो. म्हणून ब्रसेल्सच्या एका गटानं २००९ मध्ये ॲडेनोसिन या मेंदूतल्या दुसऱ्या एका रसायनाच्या ए-टू-ए रिसेप्टरची खूण धरली (चहा-कॉफीतलं कॅफीन जिथे जाऊन बसतं, तोच). स्ट्रायटममध्ये तो मुख्यतः डी-२ गटावरच सापडतो. त्या पेशी गेल्यावर उंदरांची धावपळ वाढली. म्हणजे हा गट एरवी हालचाल आवरून धरतो. हंटिंग्टनच्या आजारात (मेंदूचा एक आनुवंशिक आजार) सुरुवातीला जास्त करून याच पेशी मरतात आणि रुग्णाचे हातपाय मनाविरुद्ध हलत राहतात, त्याच्याशी हे जुळतं.

मात्र पेशी कधी मारल्या हेही बघावं लागतं. मज्जारज्जूतल्या व्ही-झीरो पेशी (डाव्या-उजव्या बाजूंचा ताळमेळ राखणारा चेतापेशींचा एक गट) गर्भातच नष्ट केल्या तर उंदराचे डावे-उजवे पाय आलटून पालटून पडत नाहीत, तो सशासारखा उड्या मारत जातो. निकाल झकास, पण त्या उंदराची बाकीची जोडणी त्या पेशींविनाच वाढलेली असते. म्हणून मला मोठेपणी विष टोचून केलेले प्रयोग जास्त पटतात. आणि त्याच पेशी औषधानं किंवा प्रकाशानं थोडा वेळ गप्प करूनही तसाच परिणाम दिसला, तर मी निर्धास्तपणे विश्वास ठेवतो.