१९५५ चा सेंट: आधी घासू नका

मावशींच्या डब्यात १९५५ चा लिंकन सेंट, म्हणजे लिंकनचं चित्र असलेलं अमेरिकेचं एक सेंटचं तांब्याचं नाणं, सापडला, त्यातला शेवटचा पाच दोनदा उमटल्यासारखा दिसतो आणि फोटो नीट यावा म्हणून तुम्ही तो घासणार आहात, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. कृपया घासू नका.

माझ्याकडे १९७२ चा खरा डबल डाय होता, म्हणजे ठशातच आकृती दुहेरी असल्यामुळे दुहेरी उमटलेला सेंट. न्यू जर्सीत बँकेतून आणलेल्या नाण्यांच्या रोलमध्ये मिळाला होता, काळपट तपकिरी. घरी तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून लख्ख करायची सवय, तसाच तोही चोळला. पाच मिनिटांत गुलाबी झाला. मी आनंदाने नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवला. डबल डाय खरा असल्याचं त्यांनी मान्य केलं, पण 'साफ केलेलं' असा शेरा मारला आणि दर्जाचा आकडा दिलाच नाही. फी पूर्ण घेतली. दोनदा फोन केला, तीन ईमेल पाठवले, तरी उत्तर एकच: नियम वाचा. नाणं हातात धरून कुणी दोन वाक्यं समजावली असती तर काय बिघडलं असतं? तरी चूक माझीच. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला रंग एकदा गेला की गेला, आणि चोळलेला गुलाबीपणा जाणकाराच्या लगेच नजरेत भरतो.

आता तुमच्या नाण्याबद्दल. मी व्यापारी नाही आणि फोटोही धूसर आहे, तेव्हा हा अंदाजच समजा. फक्त शेवटचा पाच दुहेरी असेल, तर तो बहुधा झिजलेल्या ठशाचा परिणाम. त्याला 'पुअर मॅन्स डबल डाय' म्हणतात, किंमत थोडकीच. खऱ्या डबल डायमध्ये ठसा घडवतानाच आकृती दुसऱ्यांदा जराशी फिरून दाबली गेली होती. त्यामुळे चारही आकडे, 'लिबर्टी' आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट' सगळंच दुहेरी आहे, भिंगाशिवाय दिसतं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून असे २० ते २४ हजार सेंट बाहेर पडले असं मानतात. तारखेखाली डी किंवा एस हे दुसऱ्या टांकसाळीचं अक्षर असेल तर तो हा नव्हेच. नकलाही पुष्कळ आहेत, म्हणून मागच्या बाजूला 'सेंट' शब्दातल्या टीच्या आडव्या दांडीखाली, डावीकडे, दोन बारीक उभ्या रेघा शोधा.

मशीन डबलिंगने, म्हणजे नाणं ठोकताना ठसा हलल्यामुळे दिसणाऱ्या दुहेरीपणाने, मी स्वतः खूपदा फसलोय. त्यात अक्षराच्या कडेला सपाट पायरी दिसते आणि अक्षर बारीक होतं. खऱ्यात अक्षर जाड होतं, टोकाला खाच पडते.

नाणं कडेने धरा, फ्लॅश बंद ठेवा, टेबलावरचा दिवा तिरका लावा. तेलकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, पण पुसू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. ॲसिटोनही नको म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही.

'लिबर्टी' आणि त्या टीचा जवळून फोटो टाका, मग बघू.