आधी हवा, मग बाकीचं

प्रिय,

तुझं पत्र पुन्हा एकदा वाचलं. सायकल जड वाटते, गुडघे दुखतात, पंक्चर संपत नाहीत, आणि आता नवी हलकी सायकल घ्यावी की ऑफिसला सायकलने जाणंच बंद करावं, हा तुझा पेच. सायकलने का जावं हे तुला सांगत बसत नाही, ते तुला माझ्याइतकंच पटलेलं आहे. पण एवढ्या लांबलचक पत्रात फ्रेमचं वजन आहे, गिअर किती हवेत ते आहे, आणि हवेबद्दल एक ओळही नाही. वाईट वाटलं, खरं सांगतो.

आधी हवा बघ. पंक्चर नसलेल्या ट्यूबमधूनही हवा रबरातून झिरपत असते, आणि अरुंद, जास्त दाबाच्या टायरमध्ये हा फरक लवकर जाणवतो. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, हवा भरायचीच. टायर बसलेला दिसेपर्यंत थांबायचं नाही. अंगठ्याने दाबून बघण्यावर विसंबू नकोस, ४५ आणि ६५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) अंगठ्याला जवळपास सारखेच लागतात. दाबमापक असलेला उभा पंप घे. ट्यूबचा वॉल्व्ह जुन्या पद्धतीचा, आत रबरी नळी असलेला असेल, तर पंपाचा काटा ट्यूबमधला खरा दाब दाखवत नाही. पुढची ट्यूब घेताना मोटारीसारख्या वॉल्व्हची घे. रिमचं भोक सहसा त्याला चालतं, तरी घेण्याआधी ताडून बघ.

किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. त्यातला कमाल आकडा गाठायचा नसतो. तुझं वजन ६०-६५ किलो आणि टायर ३२ मिलिमीटरचा असेल, तर पुढे ५५ आणि मागे ६० ते ६५ पासून सुरुवात कर. दोन इंची जाड टायरला ३५-४० पुरतात. मागच्या चाकावर जास्त भार असतो, त्यात तू डबा आणि लॅपटॉप कॅरिअरवर ठेवतेस, म्हणून मागे थोडी जास्त. प्रत्येक धक्का हाडांपर्यंत पोचत असेल तर ५ पीएसआय कमी कर. खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला तर ५ वाढव.

आता पंक्चर. दुकानात ठिगळ लावून घेतेस आणि निघतेस, कारण विचारत नाहीस. ट्यूबवरचं भोक कारण सांगतं. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपली गेली: हवा कमी होती. रस्त्याच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा किंवा काच, आणि तो तुकडा अजून टायरमध्येच असू शकतो. आतून फडकं फिरवून शोध, बोट कापून घेऊ नकोस. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमटेप, म्हणजे रिमच्या आतून ट्यूबखाली बसवलेली पट्टी, सरकली आहे, आणि ती नीट बसवेपर्यंत कितीही ठिगळं लावलीस तरी पंक्चर होतच राहणार. ठिगळ स्वतः लावायला शीक. ट्यूब पॉलिश पेपरने घास, सोल्युशनचा पातळ थर दे, आणि तो ओला दिसेनासा होईपर्यंत पाच मिनिटं थांब. ठिगळं सुटतात ती बहुतेक याच घाईमुळे.

गुडघ्यांचं कारण वेगळं असू शकतं, पण मऊ टायर ओढताना पायांवर पडणारा जादा जोर आधी काढून टाक, म्हणजे उरलेलं दुखणं कशाचं ते कळेल. मग सीट बघ. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात हलका बाक उरतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते. आणि जड गिअर रेटत जाऊ नकोस. मिनिटाला पायडलचे ७० ते ८० फेरे होतील असा हलका गिअर लाव.

चेनला तेल प्रत्येक कडीच्या आतल्या रोलरवर एक थेंब. पायडल उलटं फिरव, थोडं थांब, आणि बाहेरचं सगळं पुसून काढ. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि तीच धूळ दाते झिजवते. चेनची एक पिन धर आणि तिच्यापुढची २४ वी पिन मोज. नवीन चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच भरतं. सव्वाबारा इंचांची वाट बघू नकोस, १२ वर एक सोळांश झालं की चेन बदल, म्हणजे मागचे दाते वाचतील.

पावसात रिमवर दाबणारे ब्रेक उशिरा लागतात, थांबण्याच्या आधीपासून हलके दाबत पाणी पुसून घे. उभ्या गाड्यांपासून एक मीटर तरी लांब राहा, दार कधीही उघडतं.

तू म्हणशील, हा माणूस हवेपलीकडे जातच नाही. नाही जात. पंप मी कपाटात ठेवत नाही, दाराशी ठेवतो, आणि त्यावरून कोणी हट्टी म्हटलं तर म्हणू दे. महाग सायकलीवर बसून मऊ टायर ओढणारी माणसं मी रोज बघतो आणि मला त्यांना थांबवावंसं वाटतं. त्यांची सायकल विकली जाते, आणि दोष सायकलीला लागतो. तुझ्या बाबतीत तसं होऊ देणार नाही.

नवी सायकल एक महिना पुढे ढकल. आज रात्री दोन्ही चाकांचा दाब मोज, भरण्याआधीचा, आणि टायरच्या कडेवरचे आकडे उतरवून घे. शेवटचं पंक्चर झालेली ट्यूब टाकली नसशील, तर भोक कोणत्या बाजूला आहे तेही लिही.