नव्या बदकांना टाक्यात सोडायची घाई नको

प्रश्न : अक्का, आमच्या परसात चार माद्या नि एक नर अशी पाच बदकं आहेत. गेल्या आठवड्यात आणखी तीन आणली, दोन नर नि एक मादी. त्यांचा मालक गाव सोडून गेला, तेव्हापासून ती कोंबड्यांच्या लोखंडी पिंजऱ्यात कोंबलेली होती. बघवलं नाही. पण सोडली की आमची पाचही अंगावर धावून जातात, मानेची पिसं उपटतात. काय करू, सांगा की.
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : राजहंसगडाच्या पायथ्याला राहून बदकं सांभाळताय, शोभतं हो! पण ताई, आठवडाभर एकत्र वावरली असली तरी तिघांना आजच वेगळं करा. भांडणापेक्षा मला आजाराची भीती. बदक दुखणं अंगावर काढतं, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मी महिना धरते. खुराडं वेगळं, पाणी वेगळं, नि त्यांचं काम घरच्या बदकांनंतर. शीट बघा, नाक-डोळे बघा, पंखाखाली उवा बघा. तळपाय उलटा करून नक्की बघा, जाळीवर उभं राहून फोड येतो, मध्ये काळी खपली असते. दिसला तर पशुवैद्याकडे न्या. घरच्या पाचांवरही नजर असू दे.

आता माझी चूक. अशीच पिंजऱ्यातली जोडी आणली नि थेट टाक्यात सोडली. म्हटलं, बदकाला पाणी नवीन का? पण महिनोन्‌महिने अंघोळ न मिळालेल्या बदकाची पिसं पाणी धरतात. मादी भिजून जड झाली, तिला काठावर चढता येईना. पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवली म्हणून वाचली. तेव्हा आधी घमेलं, चोच नि डोळे बुडतील इतकं पाणी. पिसांवरून थेंब ओघळायला लागले की मग टाकं.

खाली पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, कोरडं हवं. बुरशी धरलेला मका किंवा पेंड मात्र अजिबात नको. पावसाळ्यात आपल्याकडे ती धरतेच, नि बदकाला तेवढ्यानंही विषबाधा होते.

महिन्यानं मध्ये जाळी लावून आठवडाभर शेजारी ठेवा. मग एकत्र सोडल्यावर पाठलाग, थोडी ओढाताण चालेल. रक्त दिसलं किंवा पाण्यात एकमेकांचं डोकं दाबायला लागली तर लगेच वेगळी करा.

खरा घोळ नरांचा आहे. पाच माद्यांत तीन नर म्हणजे माद्यांचे हाल, पाठीवर पीस राहायचं नाही. एका नराला चार-पाच माद्या लागतात. ते दोघं नरच ना, एकदा खात्री करा. शेपटीवर कुरळं पीस, आवाज घोगरा. शेजारी म्हणतील, कापा. कशाला? माद्या नजरेआड असल्या की नर-नर गुण्यागोविंदानं राहतात. त्या दोघांना परसाच्या दुसऱ्या टोकाला कायमचं ठेवा.

राहिली एकटी मादी. तिला एकदम पाचांत ढकलू नका. तुमच्या चारांतली सगळ्यात गरीब मादी आधी चार दिवस तिच्या सोबतीला द्या, नि मग दोघींना मिळून आत सोडा. खायची भांडी तेवढी दोन ठेवा, लांब लांब.