बाळंतपणानंतर गेलेल्या रक्ताचा नजरेने अंदाज कसा घ्यायचा?

तुम्ही इंटर्न आहात, लेबर रूमला पोस्टिंग आहे आणि केसपेपरवर 'रक्तस्राव अंदाजे' या रकान्यात प्रत्येकीपुढे '२०० मिली' लिहिलेलं बघून तुम्ही विचारलंय, की हा अंदाज नेमका कसा घेतात आणि किती बाळंतपणं पाहिली की नजर बसते. बसत नाही. इंटर्नची आणि प्राध्यापकांची नजर सारखीच चुकते, फक्त प्राध्यापकांना कोणी उलट विचारत नाही. 'नजर बसते' या दोन शब्दांवरून माझं वरिष्ठांशी कायम वाजत आलंय, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

विचारलंच आहे तर नजरेसाठी थोडे आकडे देते. लंडनमध्ये २००६ साली याचा चित्रांसह तक्ता तयार झाला होता. १० बाय १० सेंटिमीटरचा गॉज पूर्ण भिजला तर ६० मिली, ४५ बाय ४५ चा मोठा मॉप (रक्त टिपायचं कापड) निथळेपर्यंत भिजला तर ३५० मिली, किडनी ट्रे काठोकाठ भरला तर ५०० मिली. जमिनीवरचं थारोळं ५० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर ५०० मिली, ७५ चं असेल तर १ लिटर, १०० चं असेल तर दीड लिटर. व्यास दुप्पट झाला की डोळा 'दुप्पट' म्हणतो, रक्त मात्र तिप्पट झालेलं असतं. हा तक्ता पाठ केलात तर काही काळ अंदाज सुधारतील, मग परत मूळपदावर येतील. प्रशिक्षणाचा परिणाम टिकत नाही, आणि अनुभवाची वर्षं वाढली म्हणून चूक कमी होते असंही दिसलेलं नाही.

यात डोळ्यांचा दोष नाही, डोळ्यांसमोर रक्त असतच नाही. काही गर्भजलात मिसळून बादलीत गेलेलं असतं, काही चादरीत आणि कुल्ल्यांखालच्या पॅडमध्ये मुरलेलं असतं, काही गाठी होऊन योनीमार्गात अडकलेलं असतं, आणि तुम्ही टाके घालत असता तेवढ्यात मावशींनी पहिली चादर उचलून नेलेली असते. शिवाय चूक दोन्ही दिशांना समान नसते. थोडं रक्त गेलं की आपण थोडं जास्त लिहितो, खूप गेलं की खूपच कमी लिहितो. म्हणजे ज्या बाईसाठी आकडा हवा, नेमका तिचाच आकडा खोटा पडतो.

खात्री करायची तर दुसऱ्या दिवशीचं हिमोग्लोबिन बघा. आदल्या दिवशी १०, नंतर ६.५ आणि केसपेपरवर २०० मिली, अशी फाइल पुढे आली की रक्त गेलं कुठे हे रुग्णाला नाही, रकान्याला विचारायचं. आमच्याकडे एका आढावा बैठकीत हेच विचारलं तेव्हा 'सलाईनने पातळ झालं असेल' असं उत्तर मिळालं होतं. पातळ होतं, मान्य. साडेतीन ग्रॅमने नाही.

आता मोजायचं कसं ते. महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून असलेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या लोकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्लास्टिकचा ड्रेप वापरात आणला. खाली निमुळती होत जाणारी झोळी, झोळीवर मिलिलिटरच्या खुणा. त्यांच्याच २००६ च्या अभ्यासात नजरेचा अंदाज ड्रेपच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी निघाला. त्याच वर्षी त्यांचा मोठा अभ्यासही आला. खेड्यातल्या १,६२० बाळंतपणांपैकी निम्म्यांत एएनएम सिस्टरांनी बाळ जन्मल्यावर तोंडाने ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल हे गर्भपिशवी आवळणारं औषध दिलं, तर ५०० मिलीच्या वरचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. हे कळलं ते ड्रेपमुळे, नजरेने मोजलं असतं तर अर्धा फरक चादरीत मुरला असता. आणि आपण अजून 'अंदाजे'वर.

ड्रेप अंथरायची वेळ महत्त्वाची. बाळ बाहेर आलं, गर्भजल वाहून गेलं, की मग कुल्ल्यांखाली सरकवायचा, वार पडायच्या आधी. लवकर अंथरलात तर झोळीत पाणीच भरतं आणि मग 'हे मशीन खोटं बोलतं' म्हणून तो कपाटात जातो. वरच्या नाड्या पोटावरून बांधायच्या म्हणजे घसरत नाही. झोळी टेबलाच्या कडेवरून सरळ लोंबली पाहिजे. टेबलाचा पायाकडचा भाग तसाच ठेवला तर ती आडवी पडते आणि खुणांना अर्थ राहत नाही. एपिझिओटॉमीचं (बाळ बाहेर यायला दिलेल्या छेदाचं) रक्तही त्यातच धरायचं, ते काय दुसऱ्या कोणाचं नसतं. किमान एक तास ड्रेप काढायचा नाही. दर १५ मिनिटांनी आकडा, नाडी, बीपी आणि गर्भपिशवी कडक आहे का, हे चारही एका ओळीत लिहायचे.

ड्रेप नसेल तर वजन करा. वॉर्डातला वजनकाटा चालतो, फक्त त्याची एक खूण किती ग्रॅमची आहे ते आधी बघा. कोरडे पॅड आणि मॉप किती ग्रॅमचे आहेत हे एकदा करून भिंतीवर लावून ठेवायचं. भिजलेलं वजन वजा कोरडं वजन, जितके ग्रॅम तितके मिली. रक्त पाण्यापेक्षा पाच-सहा टक्के जड असतं, तेवढ्याने आपलं काही बिघडत नाही.

पण मोजून करायचं काय, हा खरा मुद्दा आणि अलीकडचं सगळ्यात महत्त्वाचं संशोधन याच्यावर आहे. मे २०२३ मध्ये 'ई-मोटिव्ह' अभ्यास प्रसिद्ध झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० इस्पितळं, २,१०,१३२ बाळंतपणं. निम्म्या ठिकाणी नेहमीचा कारभार, निम्म्या ठिकाणी ड्रेप आणि त्याला जोडून ठरलेले उपचार, सगळे एकदम. पहिल्या गटात जास्तीचा रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्याच वेळेत लक्षात आल्या, ५१ टक्के. दुसऱ्यात ९३ टक्के. एक लिटरच्या वर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, असं सगळं मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. यात नवं औषध एकही नव्हतं. तुमच्या ट्रॉलीवर आत्ता जे आहे तेच.

नेहमीची चूक म्हणजे एकेक करून बघत बसणं. आधी मसाज, मग दहा मिनिटं वाट, मग ऑक्सिटोसिन (हेही गर्भपिशवी आवळणारं औषध), मग 'सरांना फोन करू का?', तोवर अर्धा तास. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त येत असतं. तिच्या स्नायूंनी आवळल्याशिवाय रक्तवाहिन्यांच्या त्या तोट्या बंद होत नाहीत. म्हणून सगळं एकत्र, १५ मिनिटांत. गर्भपिशवी आवळेपर्यंत किंवा मिनिटभर मसाज. ऑक्सिटोसिन १० युनिट २०० ते ५०० मिली सलाईनमधून दहा मिनिटांत, मग २० युनिट एक लिटरमध्ये चार तास. ऑक्सिटोसिन सिरिंजने शिरेत भसकन ढकलायचं नाही, बीपी कोसळतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (गोठलेलं रक्त विरघळू न देणारं औषध) १ ग्रॅम दहा मिनिटांत, सावकाश. तोवर दुसऱ्याने मूत्राशय रिकामं करायचं, गाठी काढायच्या, वार पूर्ण आहे का ते उलटीपालटी करून बघायची, आणि फाटलंय का ते नीट उजेड घेऊन, आतपर्यंत. गर्भपिशवी दगडासारखी कडक आणि तरी रक्त चालूच, तर फाटलेली जागा शोधा, औषधं वाढवत बसू नका. थांबत नसेल तर वरिष्ठांना हाक, १६ नंबरची दुसरी सुई आणि रक्ताची सोय, हे त्याच १५ मिनिटांत येतं.

ट्रॅनेक्झॅमिकला घड्याळ आहे. २०१७ च्या 'वूमन' अभ्यासात २०,०६० बायका होत्या. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले, त्यानंतर देऊन उपयोग दिसला नाही. दर १५ मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. आणि याच्या अँप्युल पाठीतून भूल द्यायच्या बुपिव्हाकेनशेजारी ठेवू नका, दिसायला सारख्या असतात, आणि चुकून पाठीत गेलेल्या ट्रॅनेक्झॅमिकने माणसं मेली आहेत. ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. सकाळी ट्रेमध्ये काढून दुपारपर्यंत खिडकीत तापत पडलेल्या अँप्युलकडून काय अपेक्षा ठेवायची?

आकडा कोणता धरायचा? पुस्तकात ५०० मिली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यानुसार ३०० मिली झालं आणि त्याबरोबर नाडी १०० च्या वर, वरचं बीपी १०० च्या खाली, खालचं ६० च्या खाली किंवा नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा, यातलं एकही असलं तरी उपचार सुरू. ५०० झालं तर बाकी काही बघायचंच नाही. 'बीपी तर छान आहे' ही सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे. तरुण बाई दीड लिटरपर्यंत बीपी धरून ठेवते आणि मग एकदम सोडते. आधी नाडी बोलते.

आणि हे सगळं आपल्याकडे जास्त लागू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. ४० किलोची, ७ हिमोग्लोबिनची बाई आणि ६५ किलोची, १२ हिमोग्लोबिनची बाई यांचे ५०० मिली सारखे नसतात. पहिलीच बहुतेक वेळा अशा ठिकाणी बाळंत होते जिथून रक्तपेढी दोन तासांवर आहे. शहरातल्या मोठ्या इस्पितळात अंदाज चुकला तर सावरायला भूलतज्ज्ञ आहे, रक्त आहे, ऑपरेशन थिएटर शेजारी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात अंदाज चुकला म्हणजे ॲम्ब्युलन्स उशिरा निघाली. म्हणून 'ड्रेप मोठ्या इस्पितळांसाठी, खाली नजर पुरे' हे मला पूर्ण उलटं वाटतं. खर्चाचं कारणही सांगू नका, रक्ताची एक पिशवी चढवण्याचा खर्च मांडून बघा.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. नुसता ड्रेप अंथरून काही होत नाही. युरोपातल्या १३ देशांत ७८ प्रसूती विभागांत मोजण्याची पिशवी देऊन पाहिली, २०१० साली निष्कर्ष आले, गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही. आकड्याला कृती जोडली नव्हती. ई-मोटिव्हमध्येही घट मुख्यतः एक लिटरच्या वरच्या रक्तस्रावात आहे, मृत्यूंबद्दल तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. शिवाय तो अभ्यास फक्त नॉर्मल बाळंतपणांचा. सिझेरियनमध्ये सक्शनच्या बाटलीत गर्भजल मिसळतं, तिथे पाणी शोषून झाल्यावर बाटली बदलणं आणि मॉप तोलणं एवढंच हातात. आणि झोळी कोरडी पण बाई पांढरी पडतेय, नाडी १३०, खाली प्रचंड दुखतंय, तर रक्त आत साठतंय. हिमॅटोमा शोधा, झोळीवर विसंबू नका.

सिस्टर '२०० लिहा' म्हणाल्या तर वाद घालू नका, त्यांनाही वरून तेच शिकवलंय. पॅड तोला, जो आकडा येईल तो लिहा आणि त्यापुढे 'वजन करून' एवढे दोन शब्द घाला. राउंडला त्यावरून विचारणा होईलच, तेव्हा कोरड्या आणि ओल्या वजनाचे आकडे खिशात असू द्या.